चाकांची निवड व टायरांची झीज

ट्रॅक्टर घ्यावयास निघालेला आमचा शेतकरी इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, तासाला डिझेल किती खाते, हप्ता किती बसतो, या गोष्टींची कसून चौकशी करतो. परंतु ज्या चार चाकांवर हा सारा ऐवज जमिनीस टेकलेला आहे, त्यांच्या बगलेवर काय छापले आहे हे वाकून वाचणारा मनुष्य आम्हांस उमरी तालुक्यात क्वचितच आढळला. वास्तविक इंजिनाची सर्व शक्ती जमिनीत उतरते ती चाकाच्या वाटेने. चाक जागच्या जागी फिरू लागले म्हणजे डिझेल, रबर आणि वेळ या तिन्हींचा नाश एकदमच होतो. मागील दोन टायर बदलण्याची पाळी आली की मग डोळे उघडतात. कारण त्या जोडीस लागणारी रक्कम एक एकर कोरडवाहू सोयाबीनमधून खर्चवेच वजा जाता निघत नाही. सबब टायर कसा निवडावा, तो कशाने झिजतो, आणि झिजलेला टायर आपल्याविषयी काय सांगतो, हे आमच्या भागातील जमीन डोळ्यांपुढे ठेवून येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्याकडील चाकापुढे मुख्य अडचण ही की, सकाळी ते काळ्या रानात असते व दुपारी डांबरी सडकेवर. गोदाकाठची जमीन भारी व चिकण. पाऊस पडला की तीत पाय रुततो, आणि उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याहून वर माळाकडे सरकले की मुरूम व खडक. रस्त्याची खडी काळ्या पाषाणाची, कडांना धारदार. कापूस, तूर, हळद व ऊस या पिकांची वाहतूक त्याच ट्रॅक्टरने होते, ज्याने ज्येष्ठात पाळी घातली. रानातील चाकास मऊ असावे लागते. सडकेवरील चाकास कडक. एकच टायर या दोन्ही कामांस जुंपायचा असेल तर त्यातील एकच गोष्ट आपल्या हाती बदलण्यासारखी राहते, ती म्हणजे आतील हवा. या लेखाचा बहुतेक भाग त्या हवेविषयीच होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम जुन्या गाडीचे चाक आठवावे. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे, आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वाकडे तुकडे म्हणजे पुठे, आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव घेरापेक्षा किंचित लहान करून, तापवून लाल करावयाची, चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. थंड होताना ती आकसते व सगळे सांधे घट्ट बसतात. सुतार व लोहार या दोघांची विद्या त्या एका चाकात एकत्र येई. हे चाक छातीइतके उंच व रुंदीस दोन-अडीच बोटे असे. उंचीमुळे ते खड्ड्यात अडकत नसे, आणि अरुंद असल्यामुळे वरचा चिखल कापून खालच्या कठीण थरास जाऊन टेके. भर पावसात काळ्या रानातून धावेची गाडी निघते व टायरची गाडी रुतते, असे जे म्हातारे सांगतात, त्यात काही अंशी तथ्य आहे. मात्र याच गुणाने ती जमिनीस घातकही होती. समजा, एका चाकावर पाच क्विंटल भार आहे आणि धावेचा आठ चौरस इंच भाग जमिनीस टेकला आहे. तर दर चौरस इंचावर सुमारे १३८ पौंड भार पडला. एवढ्या भाराखाली मऊ जमीन दबणार नाही तर काय होईल! गाडीवाट शेताहून हातभर खोल गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

हवेच्या टायरने हा हिशेब पालटला. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली अशा चाकाचा हक्क नोंदविला होता, परंतु ते चालले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याने ते नव्याने शोधून प्रचारात आणले. हा गृहस्थ धंद्याने गुरांचा डॉक्टर होता, आणि त्याने पहिला टायर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस बसविला, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. ट्रॅक्टरास मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे दातेरी लोखंडी चाकेच असत. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरास हवेचे टायर घातले आणि थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली.

हवेच्या टायरचा नियम सोपा आहे. टायरात दर चौरस इंचास जितके पौंड हवा असेल, साधारणपणे तितकाच किंवा थोडा अधिक भार तो जमिनीच्या दर चौरस इंचावर टाकतो. मागील टायरात १२ पौंड हवा असेल तर जमिनीवरही १२-१३ पौंडच. हवा ३० पौंड केली की टायर फुगून गोल होतो, कमी जागेवर टेकतो, आणि जमिनीवर ३० पौंडांचा दाब पडतो. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात यावी. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरांत ५०-६० पौंड किंवा त्याहूनही अधिक हवा असते. म्हणजे ट्रॉलीचे चाक ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा जमिनीस चार-पाच पटींनी अधिक दाबते. वाफसा नसताना ट्रॉली रानात घालणारा शेतकरी पुढील पेरणीपूर्वीच आपल्या जमिनीत एक फरशी घालून ठेवतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा उरलेसुरले सोयाबीन काढण्याच्या घाईत अनेकांनी ओल्या रानात यंत्रे घातली. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पदरात चार पोती पडतील तर पडोत, अशीच ती वेळ होती. परंतु त्या चाकोऱ्या जेथे पडल्या तेथे पुढील रबीचा हरभरा पिवळा पडला आणि पाणी साचून राहिले, हेही आम्ही पाहिले आहे. अशा वेळी निदान ट्रॉली बांधावर उभी करावी व माल डोक्यावरून अगर बैलगाडीने बांधापर्यंत आणावा.

आता निवडीकडे वळू. टायरच्या बगलेवर, म्हणजे जमिनीस न टेकणाऱ्या बाजूच्या भिंतीवर, १३.६-२८ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास मागे बहुधा १३.६-२८ येतो, त्याहून थोर ट्रॅक्टरास १४.९-२८ किंवा १६.९-२८, आणि लहानास १२.४-२८. पुढे ६.००-१६ किंवा ६.५०-१६. ज्याची जमीन भारी व काम मुख्यतः नांगरट-रोटाव्हेटरचे आहे, त्याने कंपनी देत असलेल्या दोन मापांपैकी रुंद माप घ्यावे. रुंद टायर तेवढाच भार कमी हवेत पेलतो, त्यायोगे कमी घसरतो व जमिनीस कमी दाबतो. ज्यास कापसाच्या अगर सोयाबीनच्या ओळींतून कोळपणी-फवारणी करावयाची आहे, त्याने मात्र अरुंद टायरच पाहावा. रुंद टायर पिकावरून जाईल. रिमवर न बसणारे माप दुकानदाराच्या आग्रहावरून कधीही घालू नये. अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर तो मध्यभागी फुगतो व तेथेच झिजतो.

ज्यांचा ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा आहे त्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. अशा ट्रॅक्टराच्या पुढील व मागील चाकांच्या घेरांचे प्रमाण गिअरशी जुळवून ठेवलेले असते. मागचे टायर नवे व पुढचे गुळगुळीत, किंवा पुढे भलत्याच मापाचे, असे केले तर चाके एकमेकांस ओढू लागतात. शिवाय कठीण सडकेवर पुढील ओढ जोडलेलीच ठेवण्याची आमच्या तरुणांना सवय आहे. सडकेवर ती सोडलीच पाहिजे, नाही तर पुढील टायर एका हंगामात संपतात.

मागील टायरवरील तिरप्या उंचवट्यांस लग म्हणतात. ते मध्ये जवळ येऊन बाणासारखी आकृती करतात. ट्रॅक्टरच्या पाठीमागे उभे राहून पाहिले असता बाणाचे टोक वर दिसले पाहिजे. म्हणजे चाक पुढे फिरताना टोक आधी जमिनीत शिरते आणि चिखल दोन्ही बाजूंस बाहेर फेकला जातो. उलटे बसविलेले चाक चिखल मध्ये गोळा करते व भोपळ्यासारखे गोल होऊन जागीच फिरते. पंक्चर काढून परत आलेली चाके घाईत डावी-उजवी होऊन असे घडलेले आम्ही दोनदा पाहिले. मालक मात्र ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून मिस्तरीला दोष देत होता. धानाच्या खाचरात चिखलणीसाठी लोखंडी केजव्हील वापरतात, पण आमच्याकडे धान थोडे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की केजव्हील घालून सडकेवर येऊ नये. सडक उखडते व ट्रॅक्टरचा आखही दुखावतो.

आता घसरण कशी मोजावी ते पाहू. याला काही यंत्र लागत नाही. चुना, टेप व एक माणूस बस. मागील चाकाच्या बगलेवर चुन्याची एक रेघ ओढावी. ज्या रानात काम चालू आहे तेथेच अवजार उचलून ट्रॅक्टर चालवावा व चाकाचे पूर्ण दहा फेरे होईपर्यंत किती फूट गेला ते मोजावे. मग त्याच गिअरात अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजावे. समजा, मोकळा ट्रॅक्टर १३० फूट गेला व नांगरासह ११० फूट. तर २० फूट बुडाले, म्हणजे घसरण शेकडा १५ हून किंचित अधिक झाली. शेतात शेकडा १० ते १५ घसरण असावीच. तीहून कमी असेल तर ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादले आहे व डिझेल ते वजन वाहण्यात जाते. शेकडा २० च्या पुढे गेली तर रबर जमिनीवर सहाणेवर घासल्यासारखे घासले जात आहे असे समजावे.

घसरण अधिक भरल्यास उपाय दोन. पहिला, हवा पुस्तिकेत नांगरटीसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत उतरवावी. दुसरा, वजन वाढवावे. वजनासाठी चाकात पाणी भरण्याची रीत सर्वांत स्वस्त. चाक किंचित उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणावा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत येईतो भरावे. म्हणजे पोकळीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग भरतो व उरलेल्या जागेत हवा राहते. १३.६-२८ मापाच्या चाकात यायोगे दीडशे लिटरांच्या आसपास पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन बसते. बर्फ पडणाऱ्या देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावा लागतो. आमच्याकडे ती भीती नाही, साधे पाणी पुरे. मात्र चाक काठोकाठ भरू नये, कारण पाणी दबत नाही व धक्का सोसणारी हवा शिल्लक राहत नाही. आणि ऊस वाहतुकीचा हंगाम लागताच हे पाणी काढून टाकावे. चार महिने ते सडकेवर वाहून नेण्यात काय हशील?

हवेविषयी आता नेटके सांगतो. बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत मागील टायरांस शेतासाठी १२ ते १४ पौंड आणि ओझे ओढण्यासाठी त्याहून काही पौंड अधिक हवा सांगितलेली असते. पुढील टायरांस त्याच्या दुपटीच्या आसपास. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा. परंतु घडते काय? ऊस सुरू झाला की चालक पंक्चरवाल्याकडे जाऊन मागील चाकांत ३० पौंड हवा भरून घेतो, कारण टायर दबलेला दिसला की त्याला तो बसलेला वाटतो. हंगाम संपतो, चैत्र लागतो, आणि तीच ३० पौंड हवा घेऊन ट्रॅक्टर नांगरटीस जातो. आमच्या पुतण्याचा ट्रॅक्टर असाच दोन वर्षे चालला. तिसऱ्या वर्षी टायरचा मधला पट्टा संपला होता व दोन्ही कडांचे लग मात्र जवळजवळ नवे होते. आम्ही चुन्याची रेघ ओढून मोजले तेव्हा घसरण शेकडा २४ भरली. हवा १३ पौंडांवर आणून त्याच रानात, त्याच नांगराने पुन्हा मोजली तेव्हा ती १६ वर आली. पुतण्या म्हणाला, "काका, टायर बसल्यासारखा दिसतोय." आम्ही म्हणालो, "दिसू दे. बसलेला टायर काम करतो, उभा राहिलेला करीत नाही."

याच्या उलट चूकही होते. शेतातील मऊ हवा तशीच ठेवून भरलेली ट्रॉली सडकेवर ओढली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यास वाकते व सरळ होते. त्या वाकण्याने रबर आतून तापते, बगलेवर रिमच्या जवळ गोल भेगा पडतात आणि लगांच्या बाहेरील कडा घासून तिरप्या होतात. मोठे थोरले लग मऊ मातीत खोल शिरण्याकरिता केलेले असतात, डांबरावर पळण्याकरिता नव्हे. बगलेवर ए-६ अशी खूण असेल तर तो टायर ताशी ३० किलोमीटर वेगाचा, ए-८ असेल तर ४० चा. हंगामात रात्री रिकामी ट्रॉली घेऊन परतणारे चालक या मर्यादेस मान देत नाहीत, आणि रिकाम्या ट्रॉलीच्या उड्यांनी टायर भरलेल्याहून अधिक झिजतो हे त्यांस सांगून पटत नाही.

हवा सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरात हवा आपोआप वाढलेली दिसते. ती पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर खरोखरच बसतो. पंक्चरवाल्याचा पाइप लोंबकळतो त्या मीटरवर आमचा विश्वास नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत आपला स्वतःचा लहान मीटर ठेवावा. त्याची किंमत एका पंक्चरच्या खर्चाहून फारशी अधिक नसते. मात्र तो कमी दाबही नीट दाखविणारा असावा. ट्रकच्या मीटरवर १२ आणि १८ यांतील अंतर डोळ्यांस दिसत नाही.

आम्ही महसुलात तीस वर्षे सातबारा व पाहणीपत्रक वाचले. जमीन कोणाची, कोणी केली, काय पेरले, हे त्या कागदावरून कळते. झिजलेला टायरही तसाच वाचता येतो. मधला पट्टा गेला तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी अगर ओझे जास्त. पुढील चाकाची एकच कड झिजली, किंवा तळहात आडवा फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे टोचू लागले, तर पुढील चाकांची तोंडे जुळलेली नाहीत असे समजावे. नवा टायर घालण्यापूर्वी मिस्तरीकडून स्टिअरिंगचे दांडे, बॉल-जॉइंट व चाकांची जुळणी तपासून घ्यावी, नाही तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. एका बाजूचे मागील चाक दुसऱ्याहून अधिक झिजले तर बहुधा एका बाजूचा ब्रेक धरून वळण्याची चालकाची सवय त्यास कारण असते. लगांच्या अंगावर चिरा व तुटलेले कोपरे दिसले तर दोष खडीचा किंवा खुंटांचा.

खुंटांविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. पऱ्हाटी व तूर कोयत्याने तिरपी कापतात. राहिलेला खुंट वाळून भाल्याच्या टोकासारखा होतो. ज्वारीचे धसकट त्या मानाने मऊ, ते टायर मोडून टाकतो. पऱ्हाटीचा वाळलेला खुंट मात्र लगांच्या मधल्या पातळ भागात शिरतो. म्हणून शक्य तो पऱ्हाटी चिमट्याने उपटून काढावी. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही ती रानात उभी ठेवणे बरे नव्हे. उपटणे झाले नाही व कापलेल्या रानातच ट्रॅक्टर घालावयाचा असेल तर ओळीवरून न जाता दोन ओळींच्या मधून, चाकांतील अंतर तसे जुळवून न्यावा. बांधावरील वेड्या बाभळीच्या काट्यांस एकच उपाय, तो म्हणजे बांध साफ ठेवणे. टायरास चीर पडली व ती आतील दोऱ्यांपर्यंत गेली नसेल तर माती काढून लक्ष ठेवावे. दोरा दिसू लागला तर ताबडतोब आतून वल्कनाइज करवून घ्यावे, कारण त्या वाटेने पाणी व वाळू आत शिरून थर सुटू लागतात. नुसता गेटर घालून, म्हणजे आतून जुन्या टायरचा तुकडा देऊन, शेतातले हळू काम निभते. ट्रॉलीच्या चाकात गेटर घालणे आम्ही चूक समजतो, आणि ते का, हे आम्हांस फार महाग पडून समजले.

चार वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामात आम्ही आमच्या ट्रॉलीकरिता दोन रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या अंगावर नवे रबर चढविलेले, विकत घेतले. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाले म्हणून समाधान वाटले होते. वरचे रबर काळे, चकचकीत, नक्षी खोल. माघात एके दुपारी भरलेली ट्रॉली एका पुलाच्या चढावर असता डाव्या बाजूचा त्यांतील एक टायर फुटला. ट्रॉली त्या अंगाला झुकली. उलटली नाही, परंतु वर बसलेला ऊसतोडीच्या टोळीतील एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा खाली फेकला गेला. मांडीचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, तो करावयासच हवा होता. परंतु मुलाच्या उशाशी आई बसून राहिल्याने त्या जोडप्याचा कोयता अडीच महिने अर्धा झाला, मुकादमाची उचल फिटली नाही, आणि पुढील वर्षी त्याच उचलीपोटी त्यांना पुन्हा यावे लागले. त्या मुलाने शाळा सोडली असे त्याच्या बापाने आम्हांस पुढील हंगामात सांगितले.

फुटलेला टायर आम्ही घरी आणून नीट पाहिला. बगलेवर कारखान्याच्या खुणांच्या शेवटी चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन म्हणजे वर्षातील आठवडा व पुढील दोन म्हणजे वर्ष. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात टायर झाला. आमच्या टायरावरील आकड्यांवरून त्याचे अंग नऊ वर्षांचे जुने निघाले. वरचे रबर पाच महिन्यांचे होते. बगलेच्या भेगांत शाई भरल्यासारखा काळा लेप दिलेला होता, आणि आत एका ठिकाणी गेटर होता. जन्मभर दस्तऐवजावरील तारखा व शिक्के पारखण्याचे काम केलेल्या माणसाने हे चार आकडे पैसे देताना वाचले नाहीत. दुकानदाराचे नाव येथे घालण्यात अर्थ नाही. त्याने विकले, पण घेतले आम्ही, आणि ओझ्यावर मुलगा बसलेला आम्हांस दिसत होता.

यास्तव ट्रॉलीच्या टायरविषयी आमचे मत कडक आहे. रिमोल्ड टायर घ्यावयाचाच असेल तर तो चिखलणी-पेरणीच्या हळू कामास, मागील मोठ्या चाकास घ्यावा. ओझ्याच्या ट्रॉलीस नको. नव्या टायरावरही किती थरांच्या ताकदीचा तो आहे (पीआर असे लिहून आधी आकडा असतो), किती हवेवर किती किलो पेलतो, हे छापलेले असते. ट्रॉलीचे वजन अधिक उसाचे वजन, यास चाकांच्या संख्येने भागून तो आकडा टायरच्या आकड्याशी ताडून पाहावा. हा भागाकार चौथीतला मुलगा करील. कारखान्याच्या काट्याची पावती घरात असते, तीवरून मागील हंगामात आपण किती लादले ते कळते. बहुतेकांस पावती पाहून आश्चर्य वाटेल. ट्रॉलीच्या जोडचाकांत एका टायराची हवा कमी असेल तर त्याचा भार शेजारचा टायर उचलतो व तोच फुटतो. म्हणून काठीने ठोकून अंदाज न करता प्रत्येकाची हवा मीटरने पाहावी. ओझ्यावर माणसे बसवू नयेत. त्यांना परत नेण्याची सोय ज्याची ट्रॉली त्याने करावी.

बैलाच्या टायरगाडीबद्दल दोन शब्द. तिच्या टायरवर एडीव्ही ही अक्षरे असतात. मापे बहुधा ७.००-१९ व ८.००-१९. हे टायर जनावराच्या चालीसाठी केलेले आहेत. हल्ली अशा दोन-दोन गाड्या एकामागे एक ट्रॅक्टरास जोडून उसाची वाहतूक करतात. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. ट्रॅक्टर त्याच्या पाच-सहापट. तो टायर त्या वेगास केलेला नाही, एवढे लक्षात ठेवावे. बैलांच्या गाडीस मात्र टायर ही मोठी सोय आहे. सडकेवर ओढ पुष्कळ हलकी होते व बैलाच्या मानेस धक्के कमी बसतात. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या काळात बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशभर मांडला, तो याच कारणांनी. परंतु ओढ हलकी झाली म्हणून ओझे दुप्पट भरणारा मालक बैलाचे काही भले करीत नाही. उतारावर तर टायरगाडी बैलांच्या अंगावर येते, म्हणून तिला ब्रेक असलाच पाहिजे.

खरेदीसंबंधी एक बातमी उपयोगी पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील वस्तू व सेवा कर शेकडा १८ वरून ५ वर आला आहे. पावती घेतल्याशिवाय हा फायदा कोणाच्या खिशात गेला ते कळणार नाही. तेव्हा पक्की पावती घ्यावी, तीवर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे कंपनीच्या हमीसही ती उपयोगी पडते. नवा टायर घेताना नवी ट्यूब व नवी पट्टीही घ्यावी. जुनी ट्यूब ताणलेली असते, ती नव्या टायरात दुमडून बसते व दुमडीवर फाटते. चाक बसविल्यावर एक दिवस काम झाले की नट पुन्हा आवळावे.

पावसाळ्यात ट्रॉली चार-पाच महिने उभी राहते. तेव्हा आखाखाली लाकडी ओंडके अगर दगड देऊन चाके जमिनीवरून उचलून ठेवावी, नाही तर एकाच जागी भार पडून टायर तेथे चपटा होतो व बगलेस भेगा जातात. वर गोणपाट टाकावे, कारण ऊन रबराचा शत्रू आहे. डिझेल व तेल टायरवर सांडले तर साबणाने धुवावे; तेलाने रबर फुगून पिलपिले होते. सुटे टायर मोटारपंपाच्या खोलीत ठेवू नयेत, कारण विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांपासून जो ओझोन वायू उत्पन्न होतो त्याने रबर तडकते. ते उभे ठेवावे, आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवून ठेवावे.